वीसपैकी वीस

माझी मुलगी तीन वर्षं आणि चार महिन्यांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. एक म्हणजे खरोखर एकही नाही. हसायची मोठ्यानं, रडायला लागली तर गल्ली गोळा करायची, पण 'आई' नाही की 'पाणी' नाही. तहान लागली की माझ्या बायकोचा पदर धरून तिला माठापर्यंत ओढत न्यायची.

ही १९९६ सालची गोष्ट. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या जवळ. गावातल्या दूध संस्थेचा मी सचिव होतो. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, नमुना मशीनमध्ये घालून फॅट काढायची आणि आकडा रजिस्टरात नि ज्याच्या त्याच्या कार्डावर लिहायचा, हे माझं काम. त्या आकड्यावरच दुधाचा भाव ठरायचा. "काल सहा-आठ लागली व्हती, आज सहा-दोन कशी?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे, "म्हशीला विचारा. मशीन खोटं बोलत न्हाय." लोक हसायचे आणि कार्ड खिशात घालून जायचे. मी कुणाच्या फॅटचा पॉइंट कधी वाढवला नाही, कमीही केला नाही. याचा मला अभिमान होता.

मुलीला ऐकू येतं की नाही, ही शंका घरात पहिल्यांदा तात्यांनी बोलून दाखवली. तात्या म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते मेंढरं राखायचे, कळपामागं कोकणापर्यंत हिंडलेले. मेंढरं विकून शेती धरल्याला बरीच वर्षं झाली होती. एका दुपारी पोर अंगणात आमच्याकडं पाठ करून मातीत खेळत होती. तात्या तिच्यामागं पाच-सहा पावलांवर उभे राहिले आणि मेंढरांना घालायचे तशी साद घातली, घसा ताणून. शेजारच्या दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं. पोर माती चाळत राहिली. मग तात्यांनी जोरात पाय आपटला. ती वळली.

"बघा, वळली की," मी म्हणालो.

"पायानं ऐकलं तिनं. कानानं न्हाय." तात्या खाली बसले. "कोकरू असं असलं की कळपात लगीच कळतंय. साद गेली की समदी माना वर करत्यात, आन् त्ये एकटंच चरत ऱ्हातंय."

"तात्या, ही काय कोकरू हाय व्हय?"

"कोकरू असती तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं. मानसाला वरसं लागत्यात."

बायकोच्या मनातही तेच होतं, पण ती सासऱ्यांच्या आधी बोलली नव्हती इतकंच. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "भांडं पडलं तरी दचकत न्हाय ती. मी चार डाव मुद्दाम पाडून बघितलंय." दुसऱ्या दिवशी सकाळचं संकलन उरकून आम्ही तिघं एसटीनं बारामतीला गेलो. मुलांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, तिच्यामागं टाळ्या वाजवल्या आणि पुण्याच्या एका दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी दिली. तिथं कानाची तपासणी मशीनवर होते, म्हणाले. त्यांनीच फोन करून तारीख घेतली. सहा आठवड्यांनंतरचा मंगळवार मिळाला.

डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता. जिन्याशी पाटी होती, लहान मुलांना खेळता खेळता इंग्रजी शिकवतो अशी. मी सहज वर गेलो, सहज म्हणजे निदान तेव्हा मला तसंच वाटलं. आता वाटतं, पुण्याची चिठ्ठी खिशात घेऊन घरी जायला मला नको होतं.

क्लास एक मॅडम चालवत होत्या, लग्न होऊन पुण्याहून बारामतीला आलेल्या. आठ कॉम्प्युटर होते आणि त्यातल्या एकावरच सीडी चालायची आणि त्यालाच आवाज होता. दोन बाजूंना दोन लहान स्पीकर. मॅडमनी मुलीला खुर्चीवर बसवलं, उंची पुरेना म्हणून खाली दोन जाड पुस्तकं घातली आणि खेळ लावला.

खेळ असा होता. पडद्यावर तीन चित्रं यायची. एक परदेशी बाई इंग्रजीत एक शब्द म्हणायची. ज्या चित्राचा शब्द असेल त्यावर बाण नेऊन माउसचं बटण दाबायचं. बरोबर आलं की झाडावरून एक सफरचंद टोपलीत पडायचं. चुकलं की एक पिवळं बदक मान हलवायचं आणि खरं चित्र उजळायचं. असे वीस शब्द. शेवटी टोपली मोठी होऊन पडद्यावर यायची, सफरचंदं मोजली जायची आणि आकडा दिसायचा.

मुलीनं माउस दोन्ही हातांनी धरला. पहिल्या डावात तिला सहा सफरचंदं मिळाली. ती टोपलीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. तिचा चेहरा मी तसा त्याआधी बघितला नव्हता. घरात तिला नेहमी कुणीतरी काहीतरी विचारत असे आणि उत्तराची वाट बघत असे. इथं तिनंच काहीतरी केलं होतं आणि त्यावर काहीतरी घडलं होतं.

"बोलत नाहीत अशा मुलांना याचा फायदा होतो," मॅडम म्हणाल्या. "शब्द कानावर पडत राहतात ना. रविवारी टायपिंगची गर्दी नसते, अकराला आणा."

दर रविवारी मी तिला नेऊ लागलो. तासाभरात पाच-सहा डाव व्हायचे. मी खिशात एक छोटी वही ठेवली होती आणि त्यात फक्त पहिल्या डावाचा आकडा लिहायचो. नंतरचे डाव सरावानं सुधारतात, ते लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक, असा माझा हिशोब. पहिल्या रविवारी सहा. दुसऱ्या रविवारी सात, तिसऱ्याला पुन्हा सात. चौथ्याला अकरा. पाचव्याला चौदा.

मी स्वतःही एकदा खेळून बघितलं. बाईचा उच्चार नाकातला होता आणि काही चित्रं मी जन्मात बघितली नव्हती, बर्फाची घरं आणि काय काय. मला चौदा मिळाले. सहाव्या रविवारी मुलीला सतरा मिळाले. सफरचंदं पडत होती आणि मी तिच्या खुर्चीमागं उभा राहून ती मोजत होतो. दीड महिन्यापूर्वी जिच्यामागं टाळ्या वाजवून डॉक्टरांनी मान हलवली होती, ती पोर माझ्यापुढं तीन शब्द गेली होती.

त्यानंतरच्या मंगळवारी पुण्याची तारीख होती.

"गरज न्हाय," मी सोमवारी बायकोला सांगितलं.

"जाऊन तर यिऊ. ऐकू येत असंल तर येतंय म्हनतील. त्यात आपलं काय जातंय?"

"वीसात सतरा. न ऐकता सतरा कसं येतील, सांग मला."

मला उत्तराची गरज वाटत नव्हती. "मला आकडं कळत न्हाईत," ती म्हणाली. "पर मी हाक मारती तवा ती बघत न्हाय."

"हट्टी हाय. तुझ्यावर गेली."

ती आत निघून गेली. मंगळवारी मी सकाळी आणि संध्याकाळी दूध मोजलं. चिठ्ठी संस्थेच्या टेबलाच्या खणात पडून राहिली.

नवव्या रविवारी वीसपैकी वीस आले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मी मुलीला उचलून डोक्याच्या वर धरलं. त्यानंतर तो आमचा रिवाजच झाला. टोपली भरली की ती खुर्चीतच दोन्ही हात वर करायची आणि मी तिला उचलायचो. मी मॅडमना पुढचा धडा मागितला. त्या म्हणाल्या, सीडीवर एवढंच आहे, पुढची पुण्याहून मागवावी लागेल. ती मागवायची राहिली. आम्ही तोच धडा खेळत राहिलो आणि वीस येत राहिले.

गावात बातमी मीच पसरवली. संध्याकाळच्या रांगेत किटल्या पुढं सरकत असायच्या आणि मी मशीनवर नमुना लावता लावता सांगायचो. पुढं पुढं लोकच विचारायला लागले.

"काय सचिव, लेक इंग्रजीत कुठवर आली?"

"समदं कळतंय तिला. मराठीच तेवढं मनावर घेत न्हाय."

"विलायती दिसती मग. हितं चुकून जल्मली."

एक म्हातारी दोन लिटरची किटली घेऊन रोज पहिली उभी असायची. ती म्हणाली, "आमच्या नातवाला मराठी तेवढं यतं, इंग्रजीला मास्तर मारतोय. तुमच्या पोरीचं उलटं हाय. दोघांचं लगीन लावून टाकू, एक घर तरी पुरं हुईल." सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले नाहीत. तात्यांनी तो विषय माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. पण पोर अंगणात असली की ते तिच्यासमोर जाऊन बसायचे, तिनं बघितल्यावर मगच हातानं खूण करायचे. खायला ये, इकडं बस, बैल आला. ती त्यांचं सगळं ऐकायची. मी ते रोज बघत होतो आणि म्हाताऱ्याचा लाड समजत होतो.

असं जवळजवळ वर्ष गेलं. सणासुदीत बुडालेले सात रविवार सोडून माझ्या वहीत सत्तेचाळीस रविवारांचे आकडे झाले.

अठ्ठेचाळिसाव्या रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा क्लासमध्ये लाइट गेलेली होती. वीसेक मिनिटांनी आली. मॅडमनी एकेक बटण दाबत मशीन चालू केलं, खेळ लावला आणि त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या. मुलीनं माउस धरला. एव्हाना तिला एकच हात पुरायचा. मी खिडकीशी उभा राहून खाली एसटीची ये-जा बघत होतो. खोलीत माउसची टिकटिक येत होती. जरा वेळानं मला वाटलं काहीतरी कमी आहे. काय ते लक्षात यायला आणखी थोडा वेळ गेला. त्या परदेशी बाईचा आवाज नव्हता.

मी वळलो. स्पीकरवरचा हिरवा दिवा बंद होता. टोपलीत अकरा सफरचंदं होती.

मी खिडकीशीच उभा राहून बघत राहिलो. तीन चित्रं आली, तिनं मधलं दाबलं, सफरचंद पडलं. तीन चित्रं आली, तिनं डावीकडचं दाबलं. तेरा. चौदा. तिच्या बोटाला कुठंही थांबायची गरज पडत नव्हती. मॅडम आत आल्या, बघून म्हणाल्या, "अहो, स्पीकर बंदच आहेत की," आणि मग त्याही टोपलीकडं बघत राहिल्या. वीस.

ती सीडी नमुन्याची होती, एका मासिकाबरोबर फुकट आलेली. हे मला नंतर मॅडमनीच सांगितलं, रडवेल्या होऊन. पुऱ्या खेळात चित्रं दर वेळी बदलत असणार. नमुन्यात वीसच शब्द होते आणि त्यांचा क्रम ठरलेला. तीच तीन चित्रं, त्याच जागी, त्याच पाठोपाठ. चुकलं की खरं चित्र उजळायचं. माझ्या मुलीनं तो क्रम डोळ्यांनी पाठ केला होता. साडेतीन वर्षांच्या पोरीनं नऊ आठवड्यांत साठ चित्रांच्या जागा पाठ केल्या, कुणीही न शिकवता. आणि पहिल्या रविवारचे ते सहा? तीन चित्रांतलं एक कसंही दाबलं तरी वीसात सहा-सात येतातच. पहिले तीन आठवडे सहा, सात आणि सात होते. हा हिशोब मला यायला हवा होता. दुधात पाणी किती हे मी रंगावरून ओळखायचो.

त्या क्षणी मात्र हे काही माझ्या डोक्यात नव्हतं. मुलीनं नेहमीसारखे दोन्ही हात वर केले. मी तिचं मनगट धरून तिला खुर्चीवरून खाली ओढलं आणि ओरडलो, "फसवलंस मला!" पुस्तकं खाली पडली. मॅडम मध्ये आल्या. मुलीला शब्द कळला नाही, पण तोंड दिसलं. ती रडली नाही. तिनं पडद्याकडं बघितलं. टोपली अजून तिथंच होती, भरलेली. मग माझ्याकडं बघितलं. बरोबर आलं होतं, आणि तरी हे होत होतं.

बारामतीच्या डॉक्टरांनी पुन्हा फोन केला. या वेळी तीनच दिवसांत, बुधवारी तपासणी झाली. पुण्याच्या डॉक्टरीण बाईंनी कागदावरच्या रेघा दाखवल्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, जन्मापासून असावं. त्यांनी विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?" बायको माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "वडिलांच्या लक्षात आलं होतं." जुन्या चिठ्ठीवरची तारीख त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "तेव्हा आला असता तर बरं झालं असतं. या वयात एकेक महिना मोलाचा असतो." आवाज चढवून नाही म्हणाल्या. चुकवलेल्या मंगळवारपासून त्या बुधवारपर्यंत तीनशे चव्वेचाळीस दिवस होतात. ते मी तिथंच बाकड्यावर बसून मोजले.

पुढचं थोडक्यात सांगतो. तिला कानाचं यंत्र मिळालं, छातीवर बांधायचं, डबीएवढं. बायकोनं त्याच्यासाठी प्रत्येक झग्याला खिसा शिवला. यंत्रातून तिला थोडे जाड आवाज कळायचे, बोलणं कधी उलगडलं नाही. सहाव्या वर्षी ती बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत गेली. तिथं हातांची भाषा तिला दोन महिन्यांत आली. आज ती तिच्या संसारात आहे, शिवणकामात तिचा हात धरणारं जवळपास कुणी नाही. तोंडानं ती आठ-दहा शब्द म्हणते, घरच्यांनाच कळतील असे. आधी यंत्र लागलं असतं तर तिला बोलता आलं असतं का? डॉक्टरीण बाईंनी तसं कधी म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. तो आकडा कुणाकडंच नाही. तिनं मात्र ते दिवस एका शब्दाशिवाय काढले, आणि मला हवं होतं म्हणून काढले, एवढं नक्की.

पुण्याहून आल्यावरचा रविवार सांगायचा राहिला. सकाळी ती आपण होऊन अंघोळीला बसली, आईकडून वेणी घालून घेतली आणि माझा हात धरून मला फाट्याकडं ओढू लागली. आम्ही जात नाही हे तिला कसं सांगायचं ते मला येईना. क्लास बंद नव्हता, मॅडमही 'आणा' म्हणाल्या होत्या. मलाच ते मशीन बघवत नव्हतं. नाही म्हणून मी मान हलवली, हात हलवले. आम्हां दोघांत तात्यांसारख्या खुणाही नव्हत्या. साडेचार वर्षांत मी एकही केली नव्हती. ती फाट्यावरच्या दगडावर बसून राहिली. दहाची एसटी थांबली, कंडक्टरनं ओळखीनं विचारलं, "येताय न्हवं?" मी नाही म्हणालो. गाडी गेली तसं तिनं माझ्याकडं बघितलं आणि स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं धरलं, जिथं मी धरलं होतं तिथं. तिला वाटत होतं ही त्याचीच शिक्षा आहे. तसं नाही हे मला तिला सांगता आलं नाही. बायको येऊन तिला कडेवर घेऊन गेली.

पाचला मी संस्थेवर गेलो. रांग लागली होती. म्हातारीची किटली पहिली. मी नमुना लावला.

"काय वो सचिव, आज गप? लेक इंग्रजीत किती म्होरं गेली?" तिनं विचारलं.

"तिला ऐकू येत न्हाय," मी म्हणालो. घराबाहेर मी हे पहिल्यांदाच बोलत होतो. "जल्मापास्नं न्हाय. इंग्रजी बिंग्रजी काय न्हाय येत."

कुणी दचकलं नाही. मागं कुणीतरी किटलीचं झाकण घट्ट बसवलं. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

"ठावं हाय, बाबा," ती म्हणाली. "समद्या गावाला ठावं हाय. आमच्या दारात खेळती की ती."

"मग मला का न्हाय सांगितलं कुनी?"

ती रांगेकडं वळून बघू लागली. तिसऱ्या नंबरावरच्या माणसानं मान खाली घातली. तो गेलं वर्षभर मला रोज विचारत होता, कुठवर आली म्हणून.

"तुमच्या हातात फॅट हाय," म्हातारी म्हणाली. "तुमाला वाईट वाटंल आसं कोन बोलनार? तुमी खुशीत असला की आमालाबी बरं वाटायचं."

मी कधी कुणाचा पॉइंट कमी केला नव्हता, हे तिला सांगावंसं वाटलं. मशीनवर आकडा आला होता. सहा-चार. मी तो तिच्या कार्डावर लिहिला आणि पुढची किटली घेतली.